मेलं कशानं? एका उदमांजराचं शवविच्छेदन

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गुरांची डॉक्टर म्हणून काम करताना माझा दिवस जातो तो अडलेल्या म्हशी, कुत्र्यांची गोचिडं आणि कोंबड्यांच्या लसी यांत. रानातलं जनावर टेबलावर येतं ते मधूनच, आणि बहुतेकदा मेलेलंच. वनखात्यातून फोन आला, 'मॅडम, एक पीएम आहे', म्हणजे पोस्टमॉर्टेम, की आज जेवायला चार वाजणार हे ठरलेलं.

त्यातही वाघ-बिबट्या मेला तर कॅमेरे येतात, समिती बसते, वरून विचारणा होते. उदमांजर, म्हणजे घरांच्या माळ्यावर मुक्काम करणारं ते रात्रीचं सिव्हेट, मेलं तर कुणीतरी ते पायानं गटारात ढकलतं आणि पुढं जातं. मी सांगतेय त्या मादीचं शवविच्छेदन झालं ते केवळ संशयामुळं. काजूच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या एकाच तुकड्यावर थोड्या थोड्या दिवसांनी मेलेली उदमांजरं दिसू लागली आणि कुणीतरी विष घालतंय अशी गावात कुजबुज सुरू झाली. म्हादई अभयारण्यात २०२० च्या जानेवारीत एक वाघीण आणि तिचे बछडे मिळून चार वाघ मेलेले सापडले होते. वाघांनी मारलेल्या गुराच्या मढ्यात विष घातलं होतं. ते प्रकरण इथल्या कुणाच्याच डोक्यातून गेलेलं नाही. तेव्हापासून विषाचं नाव निघालं की खातं हलतं, मग जनावर तीन किलोचं का असेना.

फोनवरच मी वनरक्षक दादांना सांगितलं की पांढऱ्या पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा आणि बर्फाच्या पेटीत ठेवा, पण फ्रीजरमध्ये नको. गोठलं की पेशी फुटतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली काही धड दिसत नाही. आणि पिशवी पांढरीच हवी, कारण अंग थंड पडायला लागलं की पिसवा आणि गोचिडं यजमानाला सोडून चालू लागतात. काळ्या पिशवीत त्या दिसत नाहीत, आणि रस्त्यावर तासभर पडून राहिलेल्या जनावराच्या अंगावर काही सापडलं नाही म्हणून 'परजीवी नाहीत' असं लिहिलं तर ते खोटं ठरतं. पिशवीच्या तळाशी जे जमतं तेच खरं पीक.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येणारं जनावर मेलेलं असलं तरी ते सरकारी मालमत्ता असतं. रस्त्यावरून उचलून घरी नेणं, 'शिकायला म्हणून' कवटी ठेवून घेणं यातलं काहीही परवानगीशिवाय चालत नाही. पंचनामा, रेंज ऑफिसरचं पत्र, साक्षीदार, फोटो आणि शेवटी साक्षीदारांसमोर जाळणं, असा क्रम आहे.

सुरी हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. नाकातोंडातून, गुदद्वारातून न गोठलेलं काळपट रक्त येतंय का? तसं असेल तर उघडायचंच नाही. आधी रक्ताचा थेंब काचेवर घेऊन अँथ्रॅक्स नाही याची खात्री करायची, कारण शव उघडलं की हवा लागून त्याचे बीजाणू तयार होतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. दुसरी गोष्ट रेबीज. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला, पण रानातल्या जनावराला तो कागद वाचता येत नाही. टेबलाभोवती उभं राहणाऱ्यानं आधी लस घेतलेली असलीच पाहिजे. तिसरी गोष्ट सत्तरीची खास, माकडताप. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात १९५७ साली ओळखला गेलेला हा विषाणू २०१५ पासून आमच्या तालुक्यात माणसांना होऊ लागला. तो पसरतो हिमाफायसॅलिस जातीच्या गोचिडांमधून, त्यातही त्यांच्या मधल्या अवस्थेतून. ही मिलिमीटरभराची गोचिडं काजूच्या बागेतल्या पाल्यात असतात आणि माणसाला चावल्याचं कळतही नाही. त्यामुळं दुहेरी हातमोजे, बाह्यांच्या कडांना चिकटपट्टी आणि तोंडाला एन-९५. मार्च महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये. हौस म्हणून कुणी हे करत नाही.

पिशवी उघडली तेव्हा आधी वास आला तो आंबेमोहर शिजत असल्यासारखा. उदमांजराच्या शेपटीखालच्या ग्रंथींचा हा वास, ज्यांच्या माळ्यावर त्यांचा मुक्काम असतो त्यांना ठाऊक असतो. मरणानंतर काही तास तो टिकतो, मग कुजण्याचा वास त्याला गिळतो. म्हणजे शव ताजं होतं. पिशवीच्या तळाशी पिसवा होत्या आणि कानाच्या कडेला रक्त पिऊन टरारलेली गोचिडं. ती चिमट्यानं मुळापासून सोडवून ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाकली आणि बाटलीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी घातली. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

मादी, २ किलो ९०० ग्रॅम. सुळे थोडे झिजलेले, म्हणजे पूर्ण वाढलेली. दादा काही न बोलता तिच्या पोटाकडे बघत होते. मी आधी आचळं दाबून पाहिली आणि त्यांना सांगितलं, दूध नाही. पिल्लं कुठं वाट बघत नसणार. त्यांनी नुसती मान हलवली आणि पंचनाम्याचे कागद सारखे करू लागले.

नखं नीट बघावी लागतात. गाडीची धडक बसते तेव्हा जिवंत जनावर डांबर पकडायचा प्रयत्न करतं आणि नखांची टोकं तंतू सुटल्यासारखी फाटतात. हिच्या पुढच्या दोन्ही पंजांची फाटली होती. मग कातडी. नवशिक्यांना पोट उघडायची घाई असते, पण अशा प्रकरणात अर्धं उत्तर कातडीच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. उजव्या कुशीवर केसांवर काहीही खूण नव्हती. कातडी सोलली तर खाली तळहाताएवढा काळा-जांभळा डाग, स्नायूंत उतरलेला. रक्त असं पसरायला हृदय चालू असावं लागतं. मेल्यावर अंगावरून ट्रक गेला तर हाडं मोडतात, मांस चेंदतं, पण असा डाग पडत नाही. आत पाहिलं तर तीन बरगड्या मोडलेल्या, श्वासपटल फाटलेलं, यकृताचा तुकडा छातीच्या पोकळीत गेलेला आणि पोटात गोठलेल्या रक्ताच्या गुठळ्या. गाडी, आणि जिवंतपणी. इथवर काही शंका नव्हती.

याच रस्त्यावरून आधी आणलेला नर मात्र तसा नव्हता. त्याचं डोकं आणि खांदा चाकाखाली चिरडलेले होते आणि पंचनाम्यात 'वाहनाची धडक' असं लिहूनही झालं होतं. कातडी सोलली तर चिरडलेल्या बाजूला रक्ताचा थेंब नाही. आणि कमरेभोवती, केसांत अजिबात न दिसणारी, बोटाच्या नखाएवढ्या रुंदीची खाच. तिच्या दोन्ही कडांना सुजून काळंनिळं पडलेलं. तारेची फासकी. रानडुकरासाठी बागेच्या कुंपणाला लावलेली असणार. त्यात हा अडकला, रात्रभर ओढाताण करून मेला, आणि सकाळी कुणीतरी भानगड नको म्हणून रस्त्यावर टाकून दिला. पुढचं काम गाड्यांनी केलं. ब्रिटनमध्ये बॅजर या बिळात राहणाऱ्या रानटी प्राण्याच्या बाबतीत ही जुनीच तक्रार आहे. बेकायदा मारलेला बॅजर रात्री रस्त्याकडेला टाकायचा, सकाळी तो अपघातात मेलेला म्हणून मोजला जातो. म्हणून तिथं संशय असेल तर आधी एक्स-रे काढतात, छर्रे किंवा इतर काही दिसतं का म्हणून.

बॅजर इथं कसा आला ते सांगते. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना परजीवीशास्त्राच्या सरांनी आम्हाला त्याच्यावरचं पुष्कळ वाचायला लावलं होतं. तेव्हा कंटाळा आला होता. कोकणातल्या, गोव्यातल्या पोरांना लंडनपलीकडच्या शेतातल्या बिळांचं काय कौतुक? पण एवढ्या आकाराच्या रानटी मांसाहारी प्राण्यांत बॅजरइतकी टेबलावर आलेली जनावरं फार थोडी. १९७१ मध्ये ग्लॉस्टरशरमध्ये मेलेल्या एका बॅजरात गुरांच्या क्षयाचा जिवाणू मायकोबॅक्टेरियम बोव्हिस सापडला आणि गुरं विरुद्ध बॅजर हा वाद सुरू झाला. तो अजून धुमसतोय. १९९८ ते २००५ या काळात सरकारनं घेतलेल्या चाचणीत सुमारे ११,००० बॅजर मारून तपासले गेले. शिवाय गाड्यांखाली दर वर्षी पन्नास हजारांच्या आसपास मरत असावेत हा अंदाज तिथं वारंवार दिला जातो, आणि वेल्समध्ये मेलेले सापडलेले बॅजर गोळा करून क्षयासाठी तपासण्याची सरकारी व्यवस्थाच आहे.

एवढ्या चिरफाडीतून जे कळलं ते माझ्या शेडमध्ये थेट उपयोगाचं होतं. क्षयाची लागण झालेला बॅजर वर्षानुवर्षं जगू शकतो, पिल्लं वाढवू शकतो. फुफ्फुसात गाठी सापडतात, पण मरण गाडीखाली आलेलं असतं. म्हणजे जनावरात काय होतं हा एक प्रश्न आणि ते कशानं मेलं हा दुसरा. दोन्ही उत्तरं एकाच टेबलावर मिळतात म्हणून ती एक होत नाहीत. आणि टेबलावर येतं कोण? रस्त्यावर मेलेलं मोठं जनावर. उन्हाळा कोरडा गेला की गांडुळं खोल जातात आणि बॅजरची पिल्लं उपाशी मरतात, आयमेरिया मेलिस नावाच्या कॉक्सिडियानं, म्हणजे एकपेशीय परजीवीनं, त्यांच्या आतड्याची वाट लागते. ही पिल्लं बिळातच मरतात, ती कुणाच्या पिशवीत येत नाहीत. नुसत्या रस्त्यावरच्या मढ्यांवरून हिशेब मांडला तर गाडी हेच सगळ्यात मोठं कारण निघणार, कारण रस्ता हीच जागा आहे जिथं आपण बघतो.

आता पोट. जठर दोन्ही टोकांना दोऱ्यानं बांधून वेगळं काढलं आणि उघडलं तर काजूच्या बोंडांचा आंबूस भपकारा शेडभर. दादा हसले, म्हणाले, "दोतोर बाय, हुर्राक पियेवन रस्त्यार आयिल्लें आसतलें!" हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांची दारू. गंमत सोडा, पण माझ्या मते विषापेक्षा महत्त्वाची गोष्ट तीच होती. मार्च-एप्रिलमध्ये बी काढून घेतलेली आणि गळून पडलेली बोंडं रस्त्याच्या दोन्ही कडांना ढिगानं पडतात. रात्रीची जनावरं त्यासाठी डांबरापर्यंत येतात, आणि बागांमधला रस्ता सरळ झाल्यापासून गाड्याही सुसाट. बॅजरही तिथं वसंतात सगळ्यात जास्त मरतात. त्या दिवसांत त्यांची हिंडण्याची, जोड्या जमण्याची धामधूम असते.

बोंडांच्या चोथ्यात उंदराच्या केसांचे पुंजके आणि दोन दात होते. विषाची शक्यता नुसत्या डोळ्यांनी नाकारता येत नाही. श्वासनलिकेत फेस नव्हता, कीटकनाशकाचा वास नव्हता, तरी जठरातला ऐवज आणि यकृताचा तुकडा मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून सीलबंद केला. विषतपासणीचे नमुने फॉर्मालिनमध्ये घालायचे नसतात. फॉर्मालिन असतं ते ऊतींच्या तपासणीसाठी, आणि त्यातही तुकडे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत, नाहीतर मधला भाग कुजतो. फुफ्फुसांवर बोटं फिरवून गाठी चाचपल्या. खेकडे खाणाऱ्या जनावरांत पॅरागोनिमस हा पर्णकृमी फुफ्फुसात कोष करून बसतो, बहुधा जोडीनं. इथं काही लागलं नाही.

आतडं उघडायचं काम मी कुणाला देत नाही. ते आतड्याच्या पडद्यापासून सोडवून लांब पसरायचं, तुकड्यातुकड्यांनी बांधायचं म्हणजे कुठला जंत कुठल्या भागातला ते कळतं. बोथट टोकाच्या कात्रीनं उभं चिरायचं आणि बारीक चाळणीवर हलक्या धारेखाली धुवायचं. चाळणीत उरतं ते काळ्या ट्रेमध्ये पाण्यात सोडायचं. पांढऱ्या ट्रेमध्ये निम्मे जंत दिसतच नाहीत. लहान आतड्याच्या पहिल्या भागात अंकुशकृमी होते, सेंटिमीटरभर लांबीचे. काही अजून आतड्याला तोंड लावून बसलेले, आणि जिथून सुटले होते तिथं टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. पुढं चपट्या कृमींच्या फिती. गोल जंत गरम अल्कोहोलमध्ये टाकले की सरळ होऊन मरतात, गारमध्ये टाकले तर वेटोळं करतात आणि मग ओळख पटवणाऱ्याचे हाल. फितीचे मात्र आधी साध्या गार पाण्यात सैल होऊ द्यायचे.

दादांनी ट्रेमध्ये डोकावून पाहिलं आणि त्यांचा निकाल लागला, "इतले जंत! हाकाच लागून मेल्लें तें."

साक्षीदार म्हणून आलेल्या गावकऱ्यानंही मान डोलावली. मी त्यांना तिच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी दाखवली. जाड, पांढरी, भरपूर. हिरड्या आणि डोळ्यांच्या आतली बाजू रक्त गेल्यामुळं फिकट होती, पण स्नायू भरलेले, केस चकचकीत. जंतांनी पोखरलेल्या जनावराची चरबी आधी संपते, तिथं पाणचट जेलीसारखा थर उरतो. ही मादी जंतांसकट धडधाकट जगत होती. रानातलं बिनजंताचं जनावर मी तरी पाहिलेलं नाही. पिल्लू असेल, उपासमार असेल, डिस्टेंपरसारखा कुत्र्यांचा विषाणू आधी घुसलेला असेल, तर हेच जंत जिवावर उठतात. गीरमध्ये २०१८ साली डिस्टेंपरनं सिंह मेले ते आपल्याला माहीत आहे, आणि उदमांजरांच्या कुळालाही तो आजार होतो. म्हणून मेंदूचा आणि फुफ्फुसाचा नमुना बर्फावर वेगळा ठेवला. गावातल्या मोकाट कुत्र्यांना डिस्टेंपरची लस कुणी देत नाही, हे जाता जाता.

विष्ठेची तपासणी मी दवाखान्यातच केली. मिठाच्या संपृक्त पाण्यात विष्ठा ढवळायची, गाळायची, नळी काठोकाठ भरून वर काच ठेवायची. अंडी तरंगून काचेला चिकटतात. अंकुशकृमींची पातळ कवचाची लांबट अंडी अपेक्षित होती, ती दिसली. पण मधूनमधून आणखी एक प्रकार होता, दोन्ही टोकांना बूच बसवलेली अंडी, कॅपिलारिया नावाच्या जंतांच्या गटातली. मी पुन्हा ट्रेकडे गेले, आतड्याचा अस्तर खरवडून भिंगाखाली बघितला. त्या गटातला एकही जंत नाही. उंदराचे केस आठवले तेव्हा उलगडा झाला. कॅपिलारिया हेपॅटिका उंदराच्या यकृतात राहतो आणि तिथंच अंडी घालतो. ती अंडी यकृतात अडकून पडतात. उंदीर कुजला किंवा कुणी त्याला खाल्लं तरच ती बाहेर येतात, आणि खाणाऱ्याच्या पोटातून जशीच्या तशी पार होतात. म्हणजे हे उदमांजराचं दुखणं नव्हतं, त्याच्या जेवणाचं होतं. तिच्या स्वतःच्या यकृतावर, फाटलेलं असलं तरी, या जंताचे पिवळट-पांढरे पट्टे कुठंही नव्हते. नुसती विष्ठा तपासली असती तर नोंदवहीत एक खोटा परजीवी कायमचा जाऊन बसला असता.

अंकुशकृमी ओळखीसाठी पुढं पाठवले. यात मला खरा रस होता. माणसांना होणारा अँकायलोस्टोमा सिलॅनिकम हा अंकुशकृमी १९११ मध्ये परजीवीशास्त्रज्ञ लूस यांनी पहिल्यांदा वर्णन केला तो सिलोनमधल्या सिव्हेटमधूनच, म्हणजे उदमांजराच्याच कुळातल्या जनावरातून. पुढं तो कुत्र्या-मांजरांत आणि आशियातल्या माणसांत सापडत गेला. त्याच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात, तोंडावाटेही जातात. हे ऐकून साक्षीदार गावकऱ्यानं लगेच विचारलं, "मग माळ्यावरच्या मांजराला हाकलायचं का?" त्याला म्हटलं, आधी अंगणातल्या कुत्र्याला जंताचं औषध द्या, पोरांच्या पायात चपला घाला. माळ्यावरचं उदमांजर तुमच्या भाताच्या कणगीतले उंदीर फुकटात खातंय.

शव लाकडं रचून जाळलं, सगळ्यांनी सह्या केल्या. विषाचा अहवाल यायला बराच वेळ गेला. तो निरंक आला. डिस्टेंपरही नव्हता. फॉर्मवर 'मृत्यूचे कारण' असा एक रकाना आहे, एका ओळीचा. मी लिहिलं, 'वाहनाची धडक, अंतर्गत रक्तस्राव'. जंतांची यादी वेगळ्या कागदावर, 'आनुषंगिक निष्कर्ष' या मथळ्याखाली. कारकुनानं विचारलं, मग जंत कारणात का नाहीत, एवढी मेहनत केलीत तर? आणि नराच्या फॉर्मवर खोडून 'फासकी' का केलं, आता गुन्हा नोंदवावा लागणार. मी म्हटलं, नोंदवा. रेंज ऑफिसरनी दुसऱ्या दिवशी माणसं पाठवून त्या रस्त्यालगतची कुंपणं तपासली. तारा सापडल्या, माणूस सापडला नाही. बोंडांचे ढीग रस्त्यापासून आत टाकावेत असं पत्र मी पंचायतीला दिलं आहे. त्याचं उत्तर अजून यायचंय.